मुंबईत वन बीएचकेमध्ये जॅक रसेल टेरियर जातीचा कुत्रा ठेवता येईल का?

येईल, पण आकार बघून फसू नका. उंची जेमतेम फूटभर, वजन पाच-सहा किलो. अंगातली रग मात्र लॅब्रेडॉरला लाजवेल अशी. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या जॉन रसेल नावाच्या पाद्र्याने ही जात कोल्ह्याच्या शिकारीसाठी तयार केली. बिळात शिरायचं, भुंकून कोल्ह्याला बाहेर काढायचं, हे या कुत्र्याचं काम. म्हणजे भुंकणं आणि उकरणं रक्तातच.

आमचा बंड्या चार वर्षांचा आहे. गल्लीत गटाराच्या झाकणाशी घूस दिसली की हा पुतळा होतो, एक पाय वर, शेपूट ताठ, आणि मग असा हिसका देतो की माझा खांदा निखळायचा बाकी! पट्टा कधीच सोडू नका. घरी हॅमस्टर किंवा पक्षी असेल तर ही जात नकोच.

सकाळ-संध्याकाळ मिळून किमान तासभर पळवा. ते जमणार नसेल तर सोफ्याची आशा सोडा. उन्हाळ्यात सकाळचं फिरणं सातच्या आत उरका, डांबर तापलं की पंजे पोळतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) होतो, त्याची लस दरवर्षी द्या. घरी आल्यावर पंजे, पोट कोरडं पुसा, कानामागे गोचीड बघा. केस आखूड असले तरी भरपूर गळतात. आठवड्यातून दोनदा ब्रश पुरतो.

पालिकेचा परवाना आणि रेबीजची लस आधी करून ठेवा, सोसायटीतले काका विचारणारच.