कपलर ऑन करायचा का?

प्रश्न: अंबडच्या आमच्या कारखान्यात 11 केव्ही/433 व्होल्टचे, 1000 केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर आहेत, इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) 5 टक्के. प्रत्येकाची वेगळी बस (करंट वाटणारी पट्टी) आहे; दोन्ही बस जोडणारा ब्रेकर, म्हणजे बस कपलर, एरवी ऑफ असतो. मोठा कॉम्प्रेसर सुरू झाला की व्होल्टेज बसते, सीएनसी (संगणकाने चालणारी) मशीन अडतात. कंत्राटदार म्हणतो, इंटरलॉक (सगळे ब्रेकर एकदम ऑन होऊ न देणारी अडवणूक) काढा आणि दोन्ही ट्रान्सफॉर्मर पॅरलल चालवा. पॅनेल 50 केए (किलोअँपिअर) शॉर्टसर्किट झेलणारे, आउटगोइंग एमसीसीबी (मशीनकडे जाणाऱ्या केबलींचे ब्रेकर) 36 केएचे. चालेल का, सर?
— मेंटेनन्स सुपरवायझर, नाशिक

उत्तर: नाही. पॅरलल केल्यावर व्होल्टेज कमी बसेल, एवढे कंत्राटदाराचे खरे. पण फॉल्ट (शॉर्टसर्किट) झाला तर काय, हे त्याने पाहिलेले दिसत नाही.

11 केव्ही बाजूची फॉल्ट लेव्हल (शॉर्टसर्किटमध्ये पुरवठा किती ताकद देतो ती) तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून 250 एमव्हीए धरतो. खरा आकडा महावितरणकडून लेखी घ्या. चालू मोटारींचा फुल लोड करंट एकूण हजार अँपिअर धरू. फॉल्टच्या पहिल्या क्षणी मोटारी साधारण त्याच्या पाचपट करंट उलटा ढकलतात. कपलर ऑफ असताना एका बसवर, निम्म्या मोटारी धरून, येतात सुमारे 27 केए. एक ट्रान्सफॉर्मर बंद ठेवून कपलर ऑन केला, तर सगळ्या मोटारी धरून 30. दोन्ही पॅरलल असले, तर 46, अधिक मोटारींचे 5, म्हणजे 51. मोटारी सोडून 46 वरच थांबायचे आणि ‘50 च्या आत आहे’ म्हणून सही ठोकायची, असे हिशेब मी बरेच पाहिलेत.

तुम्ही 50 वर अडला आहात, मला काळजी 36 च्या एमसीसीबींची आहे. पॅरललमध्ये बसवर फॉल्ट झाला तर प्रत्येक इनकमरमधून (ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या मुख्य ब्रेकरमधून) त्याच्या एकट्या ट्रान्सफॉर्मरचे साधारण 23 केएच जातात. कपलरमधूनही एकाच बाजूचा करंट जातो. पण आउटगोइंग एमसीसीबीच्या लगेच पुढे केबल शॉर्ट झाली, की दोन्ही ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी मिळून सगळा करंट त्या एकट्या एमसीसीबीतून जातो. पॅनेलमधले सगळ्यात लहान ब्रेकर सगळ्यात मोठ्या फॉल्टला तोंड देतात! शिवाय बसबारवरचा यांत्रिक ताण करंटच्या वर्गाने वाढतो. 30 चे 51 झाले की तो जवळजवळ तिप्पट होतो. सपोर्ट इन्सुलेटर तडकतात ते यानेच.

डीजी (डिझेल जनरेटर) मेन्ससोबत सिंक्रोनाइझ करत असाल, तर त्याचाही वाटा मिळवा. 500 केव्हीएचा डीजी, सबट्रान्झियंट रिअ‍ॅक्टन्स (फॉल्टच्या पहिल्या क्षणीचा अडथळा) 12 टक्के असेल तर, साडेपाच केए देतो.

दोन इनकमर आणि कपलर या तीनपैकी दोनच ब्रेकर ऑन होऊ देणारा इंटरलॉक कुणालाही काढू देऊ नका. व्होल्टेजचा त्रास कॉम्प्रेसरपाशीच सोडवा: सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी, दोन्ही मोटार हळूहळू सुरू करतात. सीएनसी त्याच बसवर असतील, तर आधी त्या दुसऱ्या बसवर न्या. त्याला फक्त केबल आणि एक रविवार लागेल. तरीही पॅरललच हवे असेल, तर कंत्राटदाराकडून सगळे आउटगोइंग आणि अख्खे पॅनेल बदलण्याचे कोटेशन मागवा आणि ते सॉफ्ट स्टार्टरच्या कोटेशनसोबत मालकांपुढे ठेवा.