‘खाणे व्यवस्थित आहे’ असे तुम्ही का सांगितलेत?

प्रश्न : माझी मांजर नऊ वर्षांची आहे. लस देण्यासाठी नेले असताना डॉक्टरांनी तिच्या दातांवर किटण साचल्याचे आणि हिरड्या लाल झाल्याचे दाखवले. पूर्ण भूल देऊन दात स्वच्छ करावेत, कदाचित एखादा काढावाही लागेल, असे ते म्हणाले. खाणे कसे आहे असे त्यांनी विचारले, तेव्हा व्यवस्थित आहे असे मी सांगितले आणि ते खरेच आहे. फक्त हल्ली तिला कोरडे दाणे पाण्यात भिजवून दिलेले आवडतात. मी तीनदा तारीख घेतली आणि तीनदा रद्द केली. एका सहकाऱ्याची मांजर भुलीतून उठलीच नाही, हे ऐकल्यापासून मला झोप लागत नाही. बहीण म्हणते, मी उगाच बाऊ करते. भूल न देता दात स्वच्छ करता येत नाहीत का? आणि तिला काही झाले, तर मी स्वतःला क्षमा कशी करू?

उत्तर : तुमचे पत्र मोठे होते, मी ते आटोपशीर करून वर दिले आहे. मूळ पत्रात भुलीची भीती पानोपानी आहे आणि भिजवलेल्या दाण्यांचे वाक्य एकच आहे, तेही ‘फक्त’ या शब्दाने सुरू होणारे. मला मात्र त्या वाक्यापुढे लवकर जाता आले नाही. इतकी वर्षे जी मांजर दाणे कुडूमकुडूम फोडून खात आली, तिला अचानक ते भिजवलेलेच हवेसे वाटू लागतात, तेव्हा बहुधा तिची आवड बदललेली नसते, तोंड दुखत असते. तुम्ही दाणे पहिल्यांदा कधी भिजवलेत, ते आठवून पाहा. एखादा दाणा तिच्या तोंडातून खाली पडला असेल, किंवा मान कलती करून ती एकाच बाजूने चावत असेल, किंवा भूक असूनही वाटीपासून मागे सरली असेल. असे काहीतरी तुम्ही पाहिलेत, म्हणूनच त्या दाण्यांवर पाणी ओतलेत. आणि डॉक्टरांनी नेमके तेच विचारले, तेव्हा ‘व्यवस्थित आहे’ असे उत्तर दिलेत.

या उत्तराचा मला राग आला, हे मी लपवत नाही. तुम्ही खोटे बोललात असे मी म्हणत नाही, पण जे कळले होते ते तुम्ही स्वतःलाही कळू दिले नाहीत. दात कितीही ठणकत असला तरी मांजर सहसा खाणे सोडत नाही. ती दाणे अख्खे गिळते, अंग चाटणे कमी करते, खेळायचे टाळते, आणि घरातली माणसे वय झाले म्हणून ती शांत झाली असे समजतात. मांजरांमध्ये, विशेषतः वय वाढते तसा, एक विकार बराच आढळतो. त्यात शरीरातल्याच पेशी दाताचा कठीण भाग कुरतडत जातात, अनेकदा हिरडीच्या कडेपाशी खड्डा पडतो आणि आतली नस उघडी पडते. अशा जागी तपासणीची सळई टेकवली, तर भूल दिलेल्या मांजराचाही जबडा थरथरू शकतो. तुमच्या मांजरीला हाच विकार आहे, असे मी दुरून सांगू शकत नाही. दाताचे मूळ हिरडीखाली असते आणि तिथे काय चालले आहे, हे एक्स-रे काढल्यावाचून डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

भूल न देता दात स्वच्छ करता येतील का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. जाग्या मांजराला धरून ठेवून दातांच्या दर्शनी भागावरचे किटण खरवडता येते आणि दात पांढरे दिसू लागतात. पण आजार हिरडीच्या आत असतो, तिथवर जागेपणी पोचता येत नाही, आणि एक्स-रेसाठी तोंडात पट्टी ठेवून कोणतेही मांजर स्वस्थ बसत नाही. वर दात चकचकीत आणि खाली तोच ठणका, एवढेच हाती लागते. हा मार्ग विसरून जा.

आता भुलीविषयी. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत २००२ ते २००४ या काळात भूल किंवा गुंगी दिलेल्या सुमारे ७९ हजार मांजरांची नोंद ठेवली गेली आणि तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी मांजरांपैकी दर हजारी साधारण एक मांजर भुलीशी संबंधित कारणाने दगावले, तर आजारी मांजरांमध्ये हेच प्रमाण दर हजारी १४ होते. जोखीम शून्य नाही, आणि तुमच्या सहकाऱ्याचे दुःख खरे आहे. पण हे दोन आकडे शेजारी ठेवून तीन रद्द केलेल्या तारखांकडे पाहा. तुम्ही तारीख पुढे ढकलता तेव्हा तोंडातला आजार थांबून राहत नाही, आणि मांजरीचे मूत्रपिंड आणि हृदयही वर्षागणिक तरुण होत नाहीत. आज तपासण्या करून ती कदाचित पहिल्या गटात बसेल. दोन वर्षांनी दात काढण्याची वेळ अंगावर येईल, तेव्हा ती दुसऱ्या गटात असू शकेल.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट तुमच्या अधिक उपयोगाची आहे. दगावलेल्या मांजरांपैकी सुमारे ६० टक्के मांजरे काम चालू असताना नव्हे, तर ते संपल्यानंतर दगावली, आणि त्यांतली बहुतेक पहिल्या तीन तासांतच. त्यामुळे रात्र रात्र जागून ‘मांजर भुलीतून उठली नाही’ अशा कहाण्या वाचण्यापेक्षा, जाग येताना तिच्याजवळ कोण बसणार आहे आणि किती वेळ, हे डॉक्टरांना विचारा. इवल्या अंगाचे मांजर, त्यातून दात स्वच्छ करताना तोंडात सतत सोडलेले पाणी, त्यामुळे ते पटकन गार पडते. म्हणून काम चालू असताना आणि नंतरही ऊब कशी देणार, तेही विचारा. भुलीआधी रक्ततपासणी, रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्या. मांजराचा हृदयविकार बाहेरून काहीच न दिसता असू शकतो. आणखी एक बारकावा आहे, जो फारसे कोणी विचारत नाही. तोंड उघडे ठेवण्यासाठी स्प्रिंगचा चिमटा लावून जबडा फार ताणला, तर मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाणारा रक्तपुरवठा दबू शकतो आणि काही मांजरांची दृष्टी त्यामुळे गेलेली आहे. तो चिमटा टाळता का, असे विचारलेत म्हणून चांगला डॉक्टर चिडणार नाही. चिडलाच, तर दुसरा शोधा.

आणि क्षमेचे म्हणाल, तर तुमची खरी अडचण भुलीपेक्षा संमतीपत्रावरच्या सहीची आहे, असे मला वाटते. भुलीत काही झाले तर त्या कागदावर तुमचे नाव असेल. दात सडत राहिला तर कुठल्याच कागदावर कोणाचेच नाव नसेल. दाणे भिजवताना सही करावी लागत नाही, म्हणून ते सोपे वाटते. पण रोज सकाळ-संध्याकाळ ते भिजवणे हाही तुमचाच निर्णय आहे आणि त्याची किंमत तिचा जबडा मोजतो आहे. बहिणीचे शब्द तुम्हाला टोचले असतील. बाऊ तुम्ही करता आहात खऱ्या, पण ज्या गोष्टीचा करायला हवा तिचा नाही.

तेव्हा चौथी तारीख घ्या आणि ती पाळा. त्या दिवशी डॉक्टर सांगतील तेवढे तास वाटी पूर्ण रिकामी ठेवायची आहे, कारण भुलीत पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकते. तुमच्यासारखी मायाळू माणसेच अशा वेळी ‘दोनच दाणे’ म्हणून वाटी पुढे करतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. दात काढावे लागले तर काढू द्या. जखमा भरल्यावर थोडक्या दातांची, अगदी दात नसलेली मांजरेही पोटभर जेवतात.

उद्या सकाळी दवाखाना उघडताच फोन करा. तारीख नंतर मागा. आधी डॉक्टरांना सांगा, की मागच्या वेळी तुम्ही खाणे कसे आहे असे विचारले होते आणि मी व्यवस्थित म्हणाले होते. पण मी तिला दाणे भिजवून देते आहे, अमुक महिन्यापासून.