आधी फोड

चि. पोरी,

वहीचा फोटो पाहिला. वर ३३५५०३३६, खाली बिरुदांची माळ : सम, परिपूर्ण, त्रिकोणी, षट्कोनी, हर्षद नाही. आणि शेवटी तुझा प्रश्न, "सर, यातलं नेमकं पाठ काय करू?"

काही नको. संख्या फोड.

दोनने भागत सुट. बारा वेळा भाग जातो, मागे ८१९१ उरतात. म्हणजे ४०९६ × ८१९१. आता तुझी यादी परत वाच. ही संख्या ८१९१ × ८१९२ ची निमपट, म्हणजे १ पासून ८१९१ पर्यंतची बेरीज, म्हणून त्रिकोणी. ८१९१ म्हणजे ४०९६ ची दुप्पट वजा १, म्हणून षट्कोनीही. ४०९६ च्या सगळ्या विभाजकांची बेरीज ८१९१, आणि ८१९१ मूळ असेल तर तिच्या विभाजकांची ८१९२. दोन्हींचा गुणाकार संख्येच्या बरोबर दुप्पट. त्यातून ती स्वतः वजा केली की पुन्हा तीच. स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःएवढीच, झाली परिपूर्ण! आता हर्षद, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी संख्या, देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी नाव दिलेला प्रकार. अंकांची बेरीज २८ (ही स्वतः परिपूर्ण, गंमतच आहे), पण २८ ने भाग जायला ७ हवेत आणि फोडीत ७ नाहीत. पाठांतर कुठे लागलं?

आता त्या 'असेल तर'कडे ये. तू लिहिलंयस, "१३ मूळ, म्हणून २ चा १३ वा घात वजा १ (म्हणजे ८१९१) मूळ." हे वाचून मला घाम फुटला, कारण हेच वाक्य मी एम.एस्सी.ला असताना भर वर्गात फळ्यापाशी उभा राहून ठोकून दिलं होतं. मागच्या बाकावरून एक प्राध्यापक एवढंच म्हणाले, "अकरा घेऊन बघ." २०४७. तो २३ × ८९ आहे हे मला तिथे, खडू हातात घेऊन कळलं. फोडून बघितलं नव्हतं ना!

तेव्हापासून माझ्या शिकवणीत कॅल्क्युलेटर बाहेर. दोन मुलं सोडून गेली, पालक हेकट म्हणाले. म्हणोत. ज्याने २०४७ हाताने फोडलाय तो पुन्हा ती चूक करत नाही, आणि मी काही मुलांना छळायला हे करत नव्हतो.

तर ८१९१. वर्गमूळ ९१ च्या आत, आणि फोड होत असेल तर एक तरी अवयव तिथवरच सापडतो. तिथवर मूळ संख्या २४. सगळ्या तपासल्यास तरी अर्धा तास. पण फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने सांगून ठेवलंय की २ चा १३ वा घात वजा १ चा कुठलाही मूळ अवयव २६ ने भागला की बाकी १ च राहते. ९१ च्या आत अशा दोनच : ५३ आणि ७९. भागलं, बाक्या २९ आणि ५४. सुटलो.

आता १३ च्या जागी २३ घे : ८३८८६०७. २३ ही मूळच आहे, म्हणून लगेच निकाल लिहू नकोस. इथे बाकी १ हवी ती ४६ ने भागल्यावर, म्हणजे पहिला उमेदवार ४७. फोन बाजूला ठेव, भागून बघ आणि बाकी किती येते ते रविवारच्या आत कळव.

तुझा,
सर