'अन स्पिडेल'मधला 'अन'

विचारणा अशी : आयर्लंडमध्ये गॉलवे शहराच्या पश्चिमेला, समुद्रकाठच्या एका गावाच्या पाटीवर 'अन स्पिडेल' असं नाव आहे. यातला 'अन' म्हणजे 'आणि' का? मराठीत लिहिताना तो ठेवावा का?

'आणि'शी त्याचा काही संबंध नाही. आयरिश भाषेतलं ते निश्चित उपपद आहे, इंग्रजी 'द'सारखं. अनेकवचनी नावाआधी 'न' येतं. शेजारच्याच गावाचं नाव 'न फोरबखा'.

'स्पिडेल' म्हणजे इस्पितळ, आणि हे मी सहज म्हणत नाही. मूळ शब्द लॅटिन 'हॉस्पिताले', पांथस्थांना नि आजाऱ्यांना आसरा देणारी जागा. आयरिशमध्ये रुग्णालयाला आजही 'ओस्पिडेल' म्हणतात. गावाच्या नावातला 'ओ' तेवढा गळला. लिमरिक काउंटीतल्या एका गावाने तो राखलाय, ते 'अन तोस्पिडेल'. पुढे स्वर आला की पुल्लिंगी नामाला असा 'त' चिकटतो. आपलं 'इस्पितळ'ही त्याच लॅटिन शब्दाचं, पोर्तुगिजांच्या वाटेने आलेलं. इतक्या लांबच्या खेड्याच्या पाटीवर आपल्या शब्दाचा सख्खा भाऊ भेटावा, याचा मला फार आनंद होतो.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाला लगेच उमगेल. 'पुणे'चं जसं 'पुण्याचा' होतं, तसं तिथेही षष्ठीत नाव आतून बदलतं. स्पिडेलच्या पश्चिमेला त्याच किनाऱ्यावर 'बाल्या न हाउन' आहे. १९९६पासून आयरिश भाषेतली दूरचित्रवाणी वाहिनी चालते ती तिथून. नाव फोडून पाहा. 'बाल्या' म्हणजे गाव, नदी म्हणजे 'आउन्य'. 'नदीचं' म्हणताना शेवटचा मऊ 'न्य' जाड 'न' होतो, आणि आधी स्त्रीलिंगी षष्ठीचं उपपद 'न' आल्याने सुरुवातीला 'ह' लागतो. म्हणून 'हाउन'. अर्थ सरळ, नदीचं गाव.

आता लिहायचं कसं? इंग्रजीत 'स्पिडल' म्हणतात, पण २००५पासून आयरिशभाषक भागातल्या रस्त्यांच्या पाट्यांवर आयरिश नावंच अधिकृत आहेत, तेव्हा 'स्पिडेल'च लिहावं. पाटीवरचं नाव जसंच्या तसं द्यायचं असेल तर 'अन स्पिडेल' अवतरणात द्या. एरवी उपपद गाळा, कारण 'बार्ना, फोरबखा अन स्पिडेल' असं लिहिलं की वाचणारा 'अन'चा अर्थ 'आणि' असाच घेणार. प्रत्यय मात्र बिनदिक्कत लावा : स्पिडेलला, स्पिडेलहून, स्पिडेलचा किनारा.