वाचकांचे प्रश्न : कर्मचाऱ्यांच्या फायली आणि कपाटाची किल्ली

प्रश्न : परळमधील आमच्या पतसंस्थेत अठ्ठेचाळीस कर्मचारी आहेत. त्यांच्या गेल्या तीस वर्षांच्या वैयक्तिक फायली तळमजल्यावरील दोन लोखंडी कपाटांत आहेत. सर्व कागद स्कॅन करून मूळ प्रती रद्दीत द्याव्यात, असे काही संचालकांचे म्हणणे आहे. शिवाय लग्नाचे स्थळ पाहणारी मंडळी फोन करून कर्मचाऱ्याचा पगार विचारतात. अशा वेळी काय करावे?
– एक व्यवस्थापिका, परळ

उत्तर : स्कॅन जरूर करावे, परंतु नियुक्तिपत्र, सेवानोंदी, राजीनामा आणि वारसाच्या नामनिर्देशनाचे सहीचे मूळ कागद रद्दीत देऊ नयेत, कारण वाद उपस्थित झाला की प्रथम मूळ सहीच मागितली जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मी ज्या कार्यालयात नोकरीला होतो तेथे कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात गेले. पुढे आठवडाभर आम्ही पंख्याखाली एकेक पान सुकवत बसलो. बॉलपेनने लिहिलेले बहुतेक वाचता आले, पण शाईच्या पेनाने केलेल्या नोंदींचे निळे डाग तेवढे उरले. तेव्हा कपाटे वरच्या मजल्यावर हलवावीत, आणि ते जमत नसेल तर निदान खालचे कप्पे रिकामे ठेवावेत.

फाइलमध्ये काय आहे, हेही एकदा बसून पाहावे. जन्मतारीख अंकी व अक्षरी असावी. चूक दुरुस्त करताना व्हाइटनर न लावता जुनी नोंद वाचता येईल अशी एक रेघ मारावी, शेजारी योग्य नोंद करून तारखेसह सही करावी आणि दुरुस्तीचा आधार असलेला दाखला मागे जोडावा. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीतील नाव आणि आधारवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी निवृत्तीनंतर माणसाला हेलपाटे घालावे लागतात. ग्रॅच्युइटीसाठी कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर अवैध ठरते, म्हणून लग्नाची रजा मंजूर करतानाच नवा अर्ज भरून घ्यावा.

वैद्यकीय कागद मुख्य फाइलमध्ये न लावता बंद लिफाफ्यात वेगळे ठेवावेत. आधारची प्रत हवीच असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारी घ्यावी. किल्ली दोघांकडेच असावी, आणि फाइल कोणी, कधी, कशासाठी काढली याची वही कपाटातच ठेवावी. शिपायाला फाइल देऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवण्याची आपल्याकडची सवय मला सर्वांत घातक वाटते.

स्कॅन केलेल्या माहितीला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लागू होतो. कागदावर घेऊन नंतर संगणकात चढवलेली माहितीही त्यात येते, आणि सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. त्यामुळे ही फोल्डरे सर्वांच्या सामाईक संगणकावर, किंवा कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, राहता कामा नयेत.

स्थळाच्या चौकशीचे म्हणाल, तर फोनवर पगार तर नाहीच, पण रजा, कर्जकपात किंवा ‘माणूस कसा आहे’ हेही सांगू नये. आपल्या समाजात अशी चौकशी कोणी गैर मानत नाही, हे खरे. तरीही संबंधित कर्मचाऱ्याने लेखी अर्ज केला तर वेतनाचा दाखला त्याच्याच हाती द्यावा, पुढे तो कोणाला दाखवायचा ते त्याचे तो ठरवील.