फायबरच्या वेटोळ्याला शेजारच्या फेजचा करंट दिसतो का?

तुमचा प्रश्न असा: पुण्याजवळच्या लोणीकंदच्या ४०० केव्ही सबस्टेशनच्या यार्डात तेलाने भरलेले उंच सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे लाइनचा करंट मोजणारी उपकरणं) पाहिले, आता तेच काम तारेभोवतीचं ऑप्टिकल फायबरचं वेटोळं करतं म्हणतात, मग शेजारच्या दोन फेजचं चुंबकीय क्षेत्र त्यात मिसळत नाही का?

वेटोळं पूर्ण बंद असेल तर नाही. अँपिअरचा नियम आठवा. बाहेरच्या तारेचं क्षेत्र वेटोळ्याच्या एका बाजूला जेवढी भर घालतं, तेवढंच दुसऱ्या बाजूला वजा करतं. उरतो फक्त आतून जाणारा करंट, आणि तार मधोमध नसली तरी आकडा बदलत नाही. मला या तंत्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मोजणी फॅराडेला १८४५ साली दिसलेल्या परिणामावर चालते: चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा, म्हणजे त्याची लहर ज्या दिशेत कंप पावते ती, वळते. पण किती? १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाला, एका वेढ्यात, १००० अँपिअरला जेमतेम ०.०६ अंश. म्हणून वेढे वाढवतात आणि टोकाला आरसा लावून प्रकाश त्याच वाटेने परत आणतात. परतीत फॅराडेचा परिणाम दुप्पट होतो, वाटेतले इतर बरेचसे फरक मात्र एकमेकांना खोडतात. तरीही फायबरवरचा ताण, कंप आणि तापमान ही खरी डोकेदुखी. उन्हात तापणाऱ्या यार्डात सेन्सर कसा बसवलाय, यावर अचूकता ठरते.

फायदा मुख्यतः फॉल्टच्या, म्हणजे शॉर्टसर्किटसारख्या बिघाडाच्या वेळी. जुन्या सीटीचा लोखंडी गाभा डीसी ऑफसेटने (फॉल्टच्या करंटमध्ये सुरुवातीला मिसळणाऱ्या एकदिश भागाने) सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी रिलेला (बिघाड ओळखून लाइन तोडायला लावणाऱ्या उपकरणाला) चुकीचं चित्र दिसतं. इथे गाभाच नाही. चालू लाइनवर सीटीची सेकंडरी (रिलेकडे जाणारी गुंडाळी) उघडी राहिली की किती व्होल्टेज चढतं, हे मी एका यार्डात ठिणग्यांसकट पाहिलंय. तो धोकाही इथे नाही. मात्र १ किंवा ५ अँपिअरचं आउटपुट मिळत नाही, त्यामुळे जुना रिले थेट जोडता येत नाही. मोजलेला करंट डिजिटल आकड्यांत रिलेकडे पाठवणारं मर्जिंग युनिट लागतं. ५० हर्ट्झला ते सहसा सेकंदाला ४००० नमुने पाठवतं.

कॉलेजात डेमो सेन्सर मिळाला तर १००० अँपिअरचा सोर्स शोधू नका. एकच तार वेटोळ्यातून २० वेळा ओवा आणि ५० अँपिअर सोडा. मग तो सगळा जुडगा वेटोळ्याबाहेर अगदी चिकटवून ठेवा. आकडा शून्यावर आला नाही, तर फायबरची दोन टोकं एकाच जागी मिळतात का ते आधी तपासा.