शेडच्या लाईटी : वॅट नंतर बघा, आधी उंची मोजा

तुमची शेड ४० बाय ८० फूट, पत्रा २४ फुटावर, खाली तीन लेथ नि दोन सीएनसी, कोपऱ्यात स्प्रे पेंटिंग, पोटमाळ्यावर ऑफिस, आणि वायरमन म्हणतोय दोन्ही भिंतींना २०० वॅटचे आठ फ्लड (रुंद झोताचे दिवे) मारून टाकू. नका मारू. हा उद्योग मी पहिल्या शेडमध्ये केलाय, पैसे वाचले म्हणून खूश होतो आणि आठवड्यात ऑपरेटर बोंबलायला लागला, व्हर्नियर वाचायला वाकलं की स्वतःचीच सावली जॉबवर, मान वर केली की फ्लड डोळ्यात. फ्लड यार्डात आणि गेटवर ठीक, आत उजेड वरून खाली यायला पाहिजे.

२० फुटाच्या वर असाल तर हायबेच, म्हणजे उंच छताला टांगून खाली उजेड टाकणारी फिटिंग. १२-१५ फुटाला चार फुटी बॅटन (ट्यूबसारखी पट्टी) लावली तरी भागतं. हायबे घेताना लेन्सचा अँगल विचारा, दुकानदार १२० डिग्री गळ्यात मारतात आणि बराच उजेड भिंतीला जातो, तुम्ही ९० घ्या. ६० डिग्री उंच गोडाऊनच्या रॅकमधल्या गल्लीसाठी. कूलंटची वाफ वर चढते म्हणून बॉडी आयपी ६५ (धूळ-पाणी आत न घेणारी) हवी.

आता किती नग? लेथच्या कामाला ३०० लक्स धरा, म्हणजे दर चौरस मीटरला ३०० लुमेन उजेड. तुमची जागा साधारण २९७ चौरस मीटर, गुणाकार ८९ हजार लुमेन, पण त्यातला निम्मा भिंती नि धूळ खातात असं समजून दुप्पट करा. १५० वॅटची चांगली फिटिंग १८ हजार लुमेन देते, म्हणजे दहा नग, पाच-पाचच्या दोन ओळी. बारीक मापाच्या कामाला मशीनवर वेगळा लॅम्प, सगळी शेड त्यासाठी उजळायची गरज नाही.

लेथ आहेत म्हणून एक गोष्ट नीट वाचा. आपली सप्लाय ५० हर्ट्झ, स्वस्त ड्रायव्हरची (ड्रायव्हर म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा) लाईट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. तीन जॉचा (पकडीचा) चक, म्हणजे जॉब धरणारा भाग, २००० आरपीएमवर फिरत असेल तर अशा दोन लुकलुकींच्या मधल्या वेळात तो बरोबर एक तृतीयांश फिरतो, एका जॉच्या जागी दुसरा येतो, आणि फिरता चक थांबल्यासारखा दिसू शकतो. हात घातला की संपलं. पूर्वी शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायचे ते याच्याचसाठी. फ्लिकर-फ्री ड्रायव्हर लेखी मागा, आणि दुकानातच मोबाईलचा कॅमेरा लाईटवर धरा, काळे पट्टे सरकताना दिसले तर उठून या. पट्टे नाही दिसले म्हणजे पास असं मात्र नाही हं.

स्प्रेच्या कोपऱ्यात आयपी ६५ चालेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आयपी म्हणजे धूळपाण्याचा बंदोबस्त, थिनरच्या वाफेशी त्याचा संबंध नाही. तिथे फ्लेमप्रूफच, पेसोचं (स्फोटक सुरक्षेचं सरकारी खातं) सर्टिफिकेट बघून. त्यात स्फोट झाला तरी तो आतच राहतो, ज्वाळा फ्लँजच्या (ढक्कनाच्या कडेच्या) बारीक फटीतून येताना थंड होते. म्हणून मेंटेनन्सनंतर ढक्कनाचे दोन बोल्ट कमी लावले किंवा वायरसाठी नवं भोक पाडलं की ती नुसती वजनदार साधी फिटिंग उरते. वायर आत घेणारी ग्लँडसुद्धा फ्लेमप्रूफच.

ऑफिसला फॉल्स सीलिंग असेल तर दोन बाय दोन फुटाचे ३६ वॅटचे पॅनल, जिन्यात बल्कहेड (भिंतीवरचा बंद दिवा) आणि बॅटरीची एक्झिट लाईट, विषय संपला.

जुन्या ४०० वॅटच्या मेटल हॅलाइड भंगारात स्वस्त मिळतात त्या घेऊ नका, लाईट एक सेकंद गेली तरी परत पेटायला दहा-पंधरा मिनिटं, तोवर अंधारात बसा.

माझे सहा ड्रायव्हर एका दुपारी गेले होते, डीबीमधला (वीज वाटणाऱ्या पेटीतला) न्यूट्रल सैल. तुम्ही आधी न्यूट्रल आवळून घ्या, सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजच्या झटक्यापासून बचाव) टाका, दहा नग तीन फेजवर वाटा म्हणजे एक फेज गेला तरी शेड काळी होत नाही. हुकाशिवाय प्रत्येक फिटिंगला पर्लिनपर्यंत (पत्रा धरणाऱ्या आडव्या लोखंडापर्यंत) वेगळी वायर रोप बांधा, आणि हे सगळं मशीन बसायच्या आधी उरका, नंतर स्काफोल्डिंगला जागाच राहत नाही.